हिशेबात आलेली बोट

कंपनी बंद झाली तेव्हा
कुणाला लेथ मिळालं, कुणाला पत्रे,
कुणाला कँटीनची पातेली.
बाबांच्या वाट्याला साहेबांची बोट.
सोळा फुटी, फायबरची, इंजिन काढून घेतलेली.
कागदावर टाइप केलेलं : सर्व देणी पूर्ण.

सारसोळ्याच्या जेट्टीमागे
ती पंचवीस वर्षं पालथी पडली.
तिच्यावर जवळा वाळला, सोडे वाळले,
माझ्या लग्नातल्या सतरंज्या वाळल्या.
आई म्हणायची, एवढा महागाचा ओटा
अख्ख्या नेरूळात कुणाकडं नाय.

मी रबाळ्याला फायबरचे दरवाजे बनवते.
बाथरूमचे. दिवसाला चौदा.
उन्हाळ्यात हार्डनरला हात आखडता घ्यायचा,
आणि कोबाल्टशी त्याची थेट गाठ पडू द्यायची नाही,
पेट घेतात. आमच्या दोन काकांसारखं.
मध्ये रेझिन लागतं.
एवढं येत होतं, म्हणून मीच म्हटलं,
उलटी करू या तिला.

उचलायला सहा जण लागले.
सोळा फुटांना सहा लागू नयेत.

फ्लोअर कापला तेव्हा कळलं.
तळाच्या केसाएवढ्या चिरेतून
आतला फोम पाणी पीत बसला होता.
मूठभर पिळला,
कितीतरी जुने पावसाळे मनगटावरून कोपरापर्यंत.
फायबरला काही होत नाही, म्हणतात लोक.
खरंय. नाहीच होत.
आतल्या लाकडाला कोण विचारतं?
मागची फळी, जिच्यावर इंजिन बसायचं,
चहात बुडवलेल्या खारीसारखी हातात आली.

बाबा खुर्ची टाकून शेजारी.
पाय सुजलेले; बोटानं दाबलं
की खळगा तसाच राहतो.
"मधली शीट सायबाची. मडम डावीकडं. मी पाठी."
अठरा वर्षं हाकली,
एक निवटी नाही धरली तिच्यातून.
हे ते तक्रार म्हणून सांगत नसत,
माप म्हणून सांगत.

रंग खरवडला. हिरवा आमचा,
खाली निळा,
त्याखाली हस्तिदंती, गुळगुळीत,
आणि नाकाडाजवळ तिरप्या अक्षरांत : डॉली.
मी मास्क खाली केला. कोण डॉली?
"कुत्री," बाबा म्हणाले. "तिची जागा फुडं."
हसून हसून चष्म्यावर वाफ धरली.
त्याच दुपारी ऐंशीच्या पेपरनं
डॉली घासून टाकली.
कुत्रीचा काही दोष नव्हता.

मग मॅट, रेझिन, रोलर. मॅट, रेझिन, रोलर.
बुडबुडा राहिला की तिथंच पुढं पाणी राहणार,
म्हणून तळहातानं आंधळ्यासारखं चाचपत.
काचेची कूस कातडीत शिरते.
गरम पाणी घ्यायचं नाही, भोकं उघडतात.
थंडच. तरी रात्री दोनला
मी ओट्यावर बसून कोपर खाजवत असते,
आणि नवरा झोपेतच विचारतो,
किती थर झाले?

भाची प्रांजल, ऐरोलीला डिप्लोमाला.
भंगारातून आणलेलं टू-स्ट्रोक बघून तिनं नाक मुरडलं.
"मावशी, बॅटरी लाव. धूर नाही, आवाज नाही.
फ्लेमिंगो उडत नाहीत.
लोक आता गप्प बसण्याचे पैसे देतात."
मला वाटलं, मग आमच्या घराण्याचं
केवढं येणं बाकी असेल.

पुनवेनंतरचं उधाण. जेट्टीच्या तिसऱ्या पायरीला पाणी.
आईनं नारळ फोडला, अर्धी कवड हातातच राहिली.
मधल्या सीटवर बसा, म्हटलं.
नाही बसले.
मागं गेले, वाकले,
आणि हात आपोआप गेला
जिथं दोरी असायची तिथं.
दोरी नव्हती. हात थोडा वेळ हवेतच.

प्रांजलनं बटण दाबलं.
"चालू झायली का गो?"
झाली.
"नाय झायली."
झाली, बाबा.
"मंग वाजत का नाय?"

ते जेट्टीकडे बघत राहिले.
पायऱ्या, आई, तिच्या हातातली कवड,
पत्र्यावरचा कावळा,
सगळं जरा जरा मागं सरकत चाललेलं.

बाबांनी दोन्ही हातांनी काठ धरला.
"ए," म्हणाले, "ढकलली कुनी?"